माग मोकळा करून दिल्याचा दाखला

पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक विभागात मी चौतीस वर्षं काढली. त्या चौतीस वर्षांत माझ्या हातून गेलेला एकही अर्ज 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आलेला नाही. ही बढाई नव्हे. बढाई मारायला माणसाकडे निदान मोटार तरी लागते. माझ्याकडे टाचणी, डिंक आणि साक्षांकित प्रती होत्या, आणि तेवढ्यावर मी खात्यात मान मिळवला होता. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "दशरथराव गेले की कागद कोण बघणार?" साहेबांना टाळ्या मिळाल्या, मला नारळ मिळाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी बरीच नाचक्की आहे आणि आपली जमेची बाजू आपणच मांडावी लागते.

दुसरा खुलासा नावाचा. मी दशरथ आणि माझ्या वडिलांचं नाव सीताराम. आमच्याकडे रामायण उलटं चालतं असं माझी बायको शर्मिला लग्न झाल्यापासून म्हणते आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसते. वडिलांना घरात सगळेच दादा म्हणतात. दादा सत्त्याऐंशी वर्षांचे. कसबा पेठेत आमच्या घरात हातमाग होता. दादा त्यावर लुगडी विणायचे, त्यांचे वडीलही विणायचे. मी आठवीत असताना दादांनी मला मागावर बसायला बोलावलं, तेव्हा मी "मला शाळा आहे" म्हणालो. ती शाळा मी निवृत्त होईपर्यंत चालवली. एक्याऐंशी साली आई गेली आणि माग थांबला. दादा एका कापडाच्या दुकानात कापड मोजून द्यायला लागले. पुढे घर पाडून इमारत झाली, आम्हाला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि सुटा केलेला माग न्हाणीघरावरच्या माळ्यावर जाऊन बसला.

तेव्हापासून दादांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट सारखं एकमेकांवर फिरत असतं. पेपर वाचताना, जेवण झाल्यावर, झोपेतसुद्धा. आम्ही तो कंपवात धरला. शेजारच्या भीमरावांनी नारायण तेल सुचवलं. भीमराव अकोल्याकडचे. चाळीस वर्षं पुण्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यात खोट कुठे आहे ते ते आधी बघतात. अकरा वर्षं रोज सकाळी मी दादांच्या त्या दोन बोटांना तेल चोळलं. दादा निमूटपणे हात पुढे करायचे.

तर एके दिवशी सकाळी दादांनी पेपरवरचं भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "दशरथ, अर्ज कर."

नदीपलीकडे नवीन वस्त्र-वारसा संग्रहालय झालं आहे. त्याची जाहिरात होती, 'संशोधन व प्रशिक्षणाच्या संधी'.

"कशासाठी दादा?"

"शिकवायला. सांधणी येणारा माणूस आता ह्या पेठेत मी एकटा उरलोय. मी गेलो की संपलं."

ते एवढंच बोलले आणि पुन्हा पेपरातल्या निविदा वाचायला लागले. पण त्यांच्या आवाजात काहीतरी मागणं होतं. दादांनी माझ्याकडे आयुष्यात दोनदाच काही मागितलं. पहिल्यांदा मी आठवीत होतो. ह्या वेळी नाही म्हणायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. शिवाय मामला अर्जाचा होता, म्हणजे माझ्या मैदानावरचा.

मैदानात पहिल्याच पावलाला ठेच लागली. प्रशिक्षकासाठी कारागीर असल्याचा दाखला हवा होता. तो देणाऱ्या कचेरीत मी दादांना घेऊन तीन वेळा गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "सध्या विणता का?"

"माग माळ्यावर आहे," मी म्हणालो.

"मग हे माजी विणकर. माजींना दाखला देत नाही."

"आजी विणकर कुठे भेटतील तेवढं सांगा," दादा म्हणाले. "बरीच वर्षं कुणी दिसलं नाही."

गृहस्थांनी खिडकी बंद केली. जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला चौतीस वर्षं बसलेला माणूस. बाहेरून ती खिडकी एवढी लहान दिसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

शिवाय प्रशिक्षकाला पासष्ट वर्षांची अट होती. संशोधकाला पदवीची. अट नसलेला एकच रकाना होता, प्रशिक्षणार्थी. 'स्वतःचा हातमाग संग्रहालयास देणाऱ्यास प्राधान्य' अशीही एक ओळ होती. आणि इथे मी तो शहाणपणा केला. दादांना प्रशिक्षणार्थी म्हणून भरून टाकलं. एकदा आत पाऊल पडलं की बाकीचं बघून घेऊ, असा माझा हिशेबी विचार. निवडीचं पत्र आलं तेव्हा दादांना मात्र सांगितलं, "दादा, तुमची निवड झाली." निवड झाली हे खरंच होतं. कशासाठी ते मी बोललो नाही.

अर्ज ऑनलाइन होता. जन्मसालाची यादी एकोणीसशे पन्नासपासून सुरू होत होती, त्याच्या आधी जन्मलेली माणसं संगणकाला मान्य नव्हती. म्हणून दादांचा जन्म मी पन्नास साली करून दिला. माझा एकसष्टचा. 'आपल्या कौशल्याविषयी पन्नास शब्दांत लिहा' असा शेवटचा रकाना होता. मी दादांना विचारलं, सांधणी म्हणजे नेमकं काय. दादा खुर्चीत पुढे सरकले आणि बोलायला लागले. तासभर बोलले. जुना ताणा, नवा ताणा, फणी, टोकं. मी "हो, हो" म्हणत होतो, पण लक्ष सगळं शब्दमर्यादेकडे. शेवटी दोनच शब्द टाइप केले, 'धागे जोडणे'. अर्ज गेला, पोच आली. मी खूश.

माग पाठवायच्या आदल्या दुपारी दादा झोपले असताना मी आणि भीमरावांनी माळा रिकामा केला. लाकडं निघाली, आडव्या धाग्याचे धोटे निघाले आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक बोचकं निघालं. त्यात फणी होती. लुगड्याच्या पन्ह्याएवढा लांब कंगवाच तो, उभे धागे एकेक करून त्याच्या फटींतून जातात. फणीत पिवळे पडलेले, खळीने कडक झालेले धागे तसेच अडकलेले होते, वीत-दीड वीत लांब, पुढेमागे लोंबणारे.

"दशरथभाऊ, हे असं देऊन राहिले का तुम्ही?" भीमराव म्हणाले. "म्युझियम आहे ना ते! लोक काय म्हणतीन? हे जळमट कायले ठेवलं?"

मलाही पटलं. खात्यात फाइल वर पाठवताना कुजलेले दोरे काढून नवी नाडी लावायची, ही माझीच शिस्त. साहेबाच्या टेबलावर मळका कागद मी कधी जाऊ दिला नाही.

शर्मिला दारात येऊन म्हणाली, "अहो, दादांना विचारलंत का?"

"झोपलेत ते. उठल्यावर चकाचक बघून खूश होतील."

"पुसा काय ते. कापू नका काही."

बायकोचं ऐकायची सवय मला आहे, पण शेजाऱ्यासमोर नाही. मी स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत सगळे धागे कापले. उरलेले भीमरावांनी चिमट्याने एकेक उपसून काढले. कारखान्यात चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक खोट सुटली नव्हती, इथेही सुटली नाही. फणीला तेलाचा हात दिला. धाग्यांचा पुंजका ओल्या कचऱ्यात टाकावा की सुक्या, यावर आमचं थोडं दुमत झालं. शेवटी सुक्यात टाकला. फणी पुन्हा धोतरात गुंडाळली. धोतरही शर्मिलाने धुऊन ठेवलं होतं.

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. दादांनी कोट घातला, काळी टोपी घातली आणि दहाच्या वर्गाला आठ वाजताच तयार होऊन बसले. रिक्षात विचारतात, "मुलं किती असतील?"

"सात आहेत म्हणे."

"सात पुष्कळ झाली. मला दोन हातांवर सोपवायचंय, दोन पुरेत."

दारात त्यांच्या कोटाला बिल्ला लावला. इंग्रजीत होता आणि भिंग घरी राहिलं होतं. मी देवाचे आभार मानले. मागाची लाकडं टेंपोतून पोचून हॉलमध्ये उभी केलेली होती. प्रशिक्षण बघणारी बाई सृष्टी नावाची, तिशीच्या आतली, कपाळावर चष्मा. ती दादांना खुर्ची देताना एकदम थांबली आणि त्यांच्या हाताकडे बघायला लागली.

"आजोबा, तुम्ही सांधणी करताय का?"

दादांनी मान वर केली. "तुला काय माहीत?"

"मी मास्टर्सला फील्डवर्क केलं होतं ना, एका आजींचे हात सेम असेच चालायचे. झोपेतसुद्धा. धागा पिळायची मूव्हमेंट आहे ही. हो ना?"

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी त्या बोटांना तेल चोळत होतो. मी दादांना हळूच म्हणालो, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," दादा म्हणाले. "तेल आणलंस, मी लावून घेतलं."

पण त्या क्षणी ते खुशीत होते. कुणीतरी ओळखलं होतं त्यांना. सातही विद्यार्थी भोवती जमले. दादांनी बोचकं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडता सोडता सांगायला लागले, "हे बघा. ताणा, म्हणजे उभे धागे, विणून संपला तरी तो सगळा काढायचा नसतो. वीतभर टोकं फणीत ठेवायची. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा एकेका टोकाला पिळून जोडायचा. मग जुना ओढला की त्याच्या मागनं नवा आपोआप फणीतून येतो. म्हणून माग कधी मोकळा सोडायचा नसतो. मोकळा सोडला की..."

धोतर बाजूला झालं. फणी लखलखत होती.

दादांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावरून बोट फिरवलं. पुन्हा उलटं फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"टोकं कुठेत?"

माझ्या तोंडून निघालं, "उंदरांनी खाल्ली असतील, दादा."

"माळ्यावर आठ दिवसांपूर्वी मी हात घालून बघितली होती." आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि उंदीर फणीला तेल लावून ठेवत नाहीत."

दादा मुलांना म्हणाले, "आज शिकवता येणार नाही. जोडायला काही राहिलं नाही." उठताना त्यांनी कोटावरचा बिल्ला धरून सृष्टीला विचारलं, "बाई, हे काय लिहिलंय?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचं नाव आहे आजोबा."

"नावाच्या खाली?"

"...प्रशिक्षणार्थी."

दादांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले आणि बिल्ला नीट सरळ केला. मला त्या वेळी जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी साक्षांकित प्रतीसह अर्ज केला असता.

घरी येईपर्यंत रिक्षात ते बाहेर बघत बसले. त्यांचा हात मांडीवर होता. बोटं थांबली होती.

संध्याकाळी शर्मिलाने सांगितलं ते मला, त्यांच्या मुलाला, घरात सून म्हणून आलेल्या बाईकडून कळावं, याची लाज मला अजून वाटते. ती फणी अठ्ठावन्न साली माझ्या आजोबांनी भरली होती. तेव्हापासून ती कधी रिकामी झाली नव्हती, प्रत्येक ताणा आधीच्या ताण्याला जोडलेला. शेवटचा ताणा आईने सांधला, एक्याऐंशीत, आजारी असताना, उशीला टेकून. ती गेल्यावर दादांनी तो विणून संपवला आणि टोकं तेवढी ठेवली. "तुमच्या आईंच्या हातचं तेवढंच उरलं होतं घरात," शर्मिला म्हणाली. "मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत दाखवलं होतं त्यांनी. म्हणून तर म्हटलं, कापू नका." मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि तोंडात पंचा धरून रडलो. मग खाली जाऊन इमारतीचा कचऱ्याचा डबा बघून आलो. कचरा सकाळीच गेला होता.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. भीमराव दारापर्यंत यायचे आणि "आहेत का बाबा बरे?" एवढंच विचारून परत जायचे. तिसऱ्या दिवशी आठ वाजता बघतो तर दादा कोट-टोपी घालून तयार.

"चल. फणी नव्याने भरायची. चोवीसशे धागे आहेत, माझ्या एकट्याने होत नाही. पलीकडे माणूस लागतो."

"सृष्टीबाईंना सांगू?"

"तिला माझ्या शेजारी बसून बघू दे. पलीकडे तू बस." चपला घालता घालता ते म्हणाले, "ती तुझ्या आईची जागा."

काम असं की दादा फणीच्या फटीतून बारीक आकडा माझ्याकडे घालायचे, मी त्यावर एक धागा अडकवायचा, ते ओढून घ्यायचे. पुन्हा पुढची फट. दिवसाला दोन तास, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी मी तेहतीस धागे दिले आणि त्यांतले नऊ चुकीचे. "दोन दिलेस," पलीकडून आवाज यायचा. "खात्यात एका वेळी एकच कागद पुढे सरकवायचास ना? तसा एकच धागा दे." मुलं हसायची. मलाही बरं वाटायचं, कारण त्यांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली होती. फणीच्या पलीकडचे दादा मला बारीक बारीक पट्ट्यांत दिसायचे, कपाळाचा थोडा भाग, चष्म्याची काडी, हनुवटीवरचे पांढरे खुंट. एवढ्या जवळून मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस बापासमोर बसून रोज दोन तास नुसता धागा देतो आणि त्याला दुसरं काही नको असतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी आठवीतली शाळा सोडली असती.

डिसेंबरात आमचा हात बसला. दिवसाला दीडशे व्हायला लागले. दादांची बोटं पुन्हा फिरायला लागली होती. एका बुधवारी पंधराशे साठ झाले तेव्हा दादा म्हणाले, "आज पुरे." रिक्षात बसल्यावर म्हणाले, "ताणा संपला की टोकं ठेवायची. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"माग मोकळा सोडायचा नाही."

"अर्ज भरत होतास तेव्हा ऐकलं असतंस तर," दादा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर थापटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिला चहा घेऊन गेली, तेव्हा ते उठले नाहीत. चष्मा नीट घडी करून उशाशी ठेवलेला होता. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. तेलाची बाटली शेजारीच होती.

तेराव्यानंतर संग्रहालयाचं पत्र आलं. संगणकाने पाठवलेलं, सही नसलेलं. 'सदर प्रशिक्षणार्थी विनापरवानगी गैरहजर असून उपस्थिती अपुरी असल्याने प्रमाणपत्र देता येत नाही.' पाठोपाठ सृष्टीचा फोन आला. "काका, आय ॲम सो सॉरी, ते सिस्टिममधून ऑटो गेलं..." आणि ती पोर फोनवर रडायलाच लागली. मी तिला म्हणालो, पत्र नियमाला धरून आहे. मृत्यूचा दाखला जोडून रीतसर उत्तर पाठवलं. मग पुढच्या तुकडीसाठी माझा स्वतःचा अर्ज भरला. माझं जन्मसाल यादीत होतं. 'प्रशिक्षण का घ्यावयाचे आहे, पन्नास शब्दांत' इथे मी लिहिलं, 'आठशे चाळीस धागे उरले आहेत.'

ह्या वेळी दादांच्या जागेवर मी बसलो. पलीकडे कोण, असा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी भीमराव हॉलच्या दारात उभे. "माह्या हातानं उपसले ना भाऊ," म्हणाले. "माह्याच हातानं द्याले पाहिजे." तपासनिसाचा हात तो. आठशे चाळिसांत त्यांचा एकही चुकला नाही. माझे एकोणीस चुकले. सृष्टी शेजारी बसून बघायची आणि माझ्यापेक्षा लवकर शिकली.

फणी भरली. मग मी जे विणलं त्याला कापड म्हणायला मन मोठं लागतं. एक काठ आत, एक बाहेर. ताणा संपत आला तेव्हा मी थांबलो आणि वीतभर टोकं ठेवली.

तुकडी संपल्याचा अर्ज समोर आला. रकाने सगळे भरले. उपस्थिती शंभर टक्के. शेवटचा रकाना होता, 'पुढील तुकडीसाठी माग पूर्ण मोकळा करून दिल्याचा दाखला'. सोबत कात्री ठेवली होती. चांगली, नवी, संग्रहालयाची.

"काका, हे नसेल तर सर्टिफिकेट नाही मिळत," सृष्टी हळू आवाजात म्हणाली. "रूल आहे."

"माहीत आहे. नियम वाचूनच अर्ज केलाय."

मी तो रकाना कोरा ठेवला, खाली सही केली आणि अर्ज तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग मागाकडे. कात्री उचलून स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली आणि शिक्का शोधायला लागली.

अर्ज आठ दिवसांनी टपालाने परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'अपूर्ण'. शर्मिलाने तो दोनदा वाचला आणि दादांच्या धोतराच्या घडीत ठेवून दिला.